पावलाचं ऐकणारा हात

माझ्या सासूबाई गंगव्वा आमच्या गावच्या सुईण होत्या. घरात आम्ही कन्नड बोलायचो, त्यात सुईणीला सूलगित्ती म्हणतात. मी त्यांना अत्ती म्हणायची. आळंदपासून तीन कोसांवरचं आमचं गाव तसं लहान, आणि त्यातली अर्धीअधिक माणसं पहिल्यांदा अत्तींच्याच हातात आलेली. लिंगायतांची, मराठ्यांची, दर्ग्यामागच्या चार घरांतली. रस्त्यात एखादा मिशीवाला बाप्या आवाज चढवायला लागला तर त्या नुसतं त्याच्याकडे बघायच्या आणि तो खाली बघायचा.

पहिली निवडणूक झाली त्या वर्षीचा चैत्र होता. शेजारच्या वस्तीवरचं बाळंतपण उरकून अत्ती सकाळी घरी आल्या आणि अंगणात हात धुवायला बसल्या. मी तांब्या भरून पुढं ठेवला. त्यांनी उजवा हात तांब्याला लावला आणि तसाच ठेवला.

"निलम्मा," त्या म्हणाल्या, "तांब्या एवढा जड कामून झालाय गं?"

मी वळून बघेपर्यंत त्या उजव्या अंगावर कलंडल्या होत्या.

लकवा होता. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली, उजवं अंग गेलं. आठ-दहा दिवसांत जीभ मोकळी झाली. दीड महिन्यात पायात जीव आला, आधी भिंतीला धरून, मग काठीनं, आणि आषाढ लागला तेव्हा काठीही सुटली. हात मात्र आला नाही. कोपरात वाकून पोटाशी चिकटलेला, मूठ मिटलेली. अत्ती गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या आणि भस्म लावायला उजवा हात उठायचा नाही. मग ते मी लावायची. त्या डोळे मिटून घ्यायच्या. एवढ्या एकाच वेळी मला त्यांच्याकडे बघवत नसे.

श्रावणात उद्धवरावांच्या घरून बोलावणं आलं. उद्धवराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चावडीवर ज्यांचा शब्द चालायचा ते. त्यांची सून गीताबाई पहिलटकरीण होती. उद्धवरावांची बायको सत्यभामाबाई स्वतः आमच्या दारात आली.

"कळा सुरू झाल्यात. चला," ती म्हणाली.

अत्ती ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, माझा हात न्हाई. हात न्हाई तर मी काय करू? पलीकडच्या गावातल्या सोजराबाईला बोलवा. न्हाईतर गाडी जुंपा आणि आळंदला न्या. उशीर करू नका."

"तुम्ही नुसत्या या."

"नुसती येऊन काय करू?" अत्ती म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ओढ्याला पाणी होतं. सोजराबाई पोचायला दुपार झाली. मूल आडवं होतं. गीताबाई वाचली, मूल गेलं.

तो सगळा दिवस अत्ती आतल्या खोलीत बसून होत्या. मी एकदा डोकावले, तर त्या डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होत्या. सोडलं की बोट परत मिटायचं.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून अत्ती आणि मी शेताकडे निघालो होतो. काळ्या मातीचा चिखल वाळून वर कडक ढेकळं झाली होती. समोरून सत्यभामाबाई आणि आणखी दोघी सरपण घेऊन येत होत्या. अत्ती माझ्या दोन पावलं पुढं, चांगल्या झपाझप चालत होत्या. एका ढेकळाला त्यांचा पाय अडखळला आणि त्या पुढं झुकल्या. त्याच क्षणी त्यांचे दोन्ही हात पुढं गेले. दोन्ही. उजवा हात पोटापासून सुटला, कोपर उघडलं, तळवा बाहेर आला. त्या पडल्या नाहीत. दोन पावलांत सावरल्या, आणि हात परत वाकून पोटाशी गेला.

सत्यभामाबाई रस्त्यात थांबली होती. तिनं डोक्यावरचं सरपण खाली टाकलं.

"हात न्हाई म्हणालात," ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. चावडीवर उद्धवराव म्हणाले, गंगव्वानं सोंग केलं. रझाकारांच्या वेळी त्यांच्या आणि आमच्या घरात बांधावरून वाद झाला होता, त्याचा राग तिनं असा काढला. आमची शेजारीण भागम्मा मनानं चांगली. तिचं म्हणणं निराळं होतं. ती म्हणाली, "सोंग न्हाई गं, हे बाहेरचं हाय. आपण हलवायला गेलं तर हलंना, आणि आपोआप हलायलाय, म्हणजे आत दुसरं कुणीतरी हाय. गाणगापूरला ने." तिचं ऐकून अत्ती म्हणाल्या, "माझ्या गळ्यात लिंग हाय. तिथं दुसऱ्याला जागा कुठली?" पण बायकांनी विहिरीवर आमच्याशी बोलणं सोडलं. मी घागर लावली की दुसऱ्या मागं सरायच्या.

सगळ्यात वाईट झालं ते आमच्या घरातच. माझे मालक मडिवाळप्पा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "अव्वा, खरं सांग. हात हलतो का तुझा?"

अत्तींनी मुलाकडे बघितलं. "तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचं? मीही बघितलंय. तू चालताना हात थोडा हलायलाय. मी बोललो न्हाई."

"मग आज का बोललास?"

ते हात धुवायला उठले.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते आलं होतं. म्हणून मी अत्तींवर नजर ठेवायला लागले. त्याची मला आज लाज वाटत नाही, कारण त्यातूनच पुढचं सगळं झालं. बसल्या असल्या की हात दगडासारखा. पण चालायला लागल्या की वीस-तीस पावलांनी खांदा सैल व्हायचा आणि कोपर पोटापासून वीतभर पुढं-मागं जायला लागायचं. डावा पाय पुढं, की उजवा हात पुढं. भराभर चालल्या की जास्त, हळू चालल्या की कमी. उभ्या राहिल्या की बंद. आणि एकदा दुपारी त्या जांभई देत होत्या, तर काय बघते, तोंड उघडलं तसा उजवा हात आपोआप छातीपर्यंत वर आला, आणि जांभई संपली तसा खाली गेला.

मी जवळ जाऊन बसले. "अत्ती, तुमचा हात आत्ता वर आला होता."

"ठाऊक हाय."

"परत आणा बघू."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठल्या. हात जागचा हलला नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी नव्हतं, राग होता.

"मलाच कळंना गेलंय," त्या म्हणाल्या. "हात माझा. माझं ऐकत न्हाई. मग तो ऐकतो कुणाचं? एवढं मला कळलं पाहिजे. लोकांचं नंतर बघू. उद्या आळंदला जायचं."

"गाडी जुंपायला सांगते."

"गाडी कशाला? चालताना हलतो ना तो? मग चालतच जाऊ."

आळंदच्या बाजारपेठेमागं डॉक्टर खलीलुल्ला यांचा दवाखाना होता. ते मूळचे बीदरचे, हैदराबादला शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे बरेच नातेवाईक निघून गेले होते, हे राहिले. उंच, किडकिडीत, दाढी पांढरी व्हायला लागलेली. बोलायचे दखनीत, मधे मधे मराठी आणि कन्नड घालून, आणि सगळ्यांना कळायचं.

"अम्मा, चालत आल्या? तीन कोस?" त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. मग अत्तींना स्टुलावर बसवलं. रबराची छोटी हातोडी काढली आणि डाव्या कोपराच्या खळगीत अंगठा ठेवून त्यावर हलकेच मारलं. हात थोडासा उडाला. मग उजव्या कोपरावर तसंच मारलं. जो हात पाच महिने पोटाशी पडून होता, तो असा उसळला की अत्ती स्वतःच दचकल्या.

"हा हात मेलेला नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "हा जास्तच जागा आहे. त्याच्यावर डोक्याचा वचक राहिला नाही, म्हणून असा उसळतो."

"जागा हाय तर माझं ऐकंना कामून?"

"हुकूम निघतो डोक्यातून. डोक्यापासून पाठीच्या कण्यात एक जाड दोरी उतरते, तिच्यातून तो हातापर्यंत जातो. तुमच्या डोक्यात जिथून हुकूम निघायचा ती जागा जखमी झाली. पण कण्यातली दोरी साबूत आहे." त्यांनी हातोडी हातात फिरवली. "अठ्ठेचाळीस साली हैदराबादहून हुकूम यायचे बंद झाले. तेव्हा तुमच्या गावच्या पटवाऱ्यानं रोजचं काम थांबवलं?"

"तो कसला थांबतोय," अत्ती म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "हौ. तसंच. मानेच्या कण्यात हाताचा कारभार आहे, कमरेच्या कण्यात पायाचा. दोघांच्या मधे धागे आहेत. पाय चालायला लागले की खालून वर कळतं, डावा पाय पुढं गेला, उजवा हात पुढं जाऊ दे. त्याला डोक्याला विचारावं लागत नाही. बैल बघा ना. पुढचा उजवा, मागचा डावा. आपण दोन पायांवर उभे राहिलो, पण आतला तो कारभार राहिला. जांभईचंही तसंच, तिचा रस्ता निराळा. आणि ठेच लागली की पडण्याआधी हात पुढं जातो, तेव्हा कुणी विचार करून पुढं करतं का? विचार करायला वेळ कुठं असतो?"

अत्तींनी डाव्या हातानं उजवी मूठ धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी न्हाई."

"तुम्ही खोट्या आहात असं कुणी म्हणालं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. मूल गेल्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ते उठले. "अंगणात चला. मला एक बघायचं आहे."

दवाखान्यामागं फरसबंदी अंगण होतं. डॉक्टरांनी अत्तींना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि स्वतः त्यांच्या उजवीकडून चालायला लागले. चालता चालता हातोडीच्या दांड्यानं त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर टिचकी मारायची, आणि हाताकडे बघायचं. मला म्हणाले, "बेटी, तू पाय बघ. मी टिचकी मारली की सांग, कुठला पाय पुढं होता."

आम्ही तिघं त्या अंगणात किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. दोन रोगी बाकावर बसून बघत होते. मी डावा, उजवा, डावा असं सांगत होते. हळूहळू माझ्याही लक्षात यायला लागलं. डावा पाय पुढं असताना टिचकी बसली तर हात झटका देऊन वर यायचा. उजवा पाय पुढं असताना तीच टिचकी, तेवढ्याच जोरानं, आणि हात जेमतेम थरथरायचा. आणि अत्ती उभ्या राहिल्यावर मारली तर आणखीच निराळं.

डॉक्टर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "एकच हात, एकच टिचकी. पण जवाब पावलाप्रमाणे बदलतो. म्हणजे दरवाजा प्रत्येक पावलाला उघडतो आणि मिटतो. हे मला पुस्तकात असं सापडलं नव्हतं."

"त्याचा मला काय उपयोग?" अत्तींनी विचारलं.

"तेच सांगतो. बसून हाताला हुकूम देऊ नका. बसल्यावर दरवाजा बंद असतो, तुम्ही बाहेर धक्के मारत राहता. चालायला लागा. हात आपोआप पुढं यायला लागला, की ज्या क्षणी तो पुढं येतो त्या क्षणी तुमचा हुकूम त्यात मिसळा. रोज. पूर्ण हात येईल असं वचन मी देणार नाही. पण जितका यायचा तो या वाटेनं येईल."

निघताना ते म्हणाले, "उद्धवरावांना मी चिठ्ठी लिहून देतो. डॉक्टरचा कागद आहे म्हटलं की ते मानतील."

"नको," अत्ती म्हणाल्या. "चिठ्ठी बघून मानलं तर त्यांनी चिठ्ठीला मानलं. मला मानलं न्हाई. मी माझं बघते."

परत येताना त्या सबंध वाटेनं स्वतःशी पुटपुटत होत्या. जवळ जाऊन ऐकलं तर, डावा पाय पुढं पडला की त्या म्हणत होत्या, "ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई विहिरीवरून निघाली तेव्हा अत्ती तिच्या वाटेत उभ्या होत्या. मी मागं होते. सत्यभामाबाई बाजूनं जायला लागली.

"बाई, घागर खाली ठेवा," अत्ती म्हणाल्या. "माझ्याबरोबर बांधापर्यंत चाला. मग काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते."

त्यांचा आवाज बाळंतिणीला सांगतात तसा होता, मऊ पण नाही म्हणता न येणारा. सत्यभामाबाईनं घागर ठेवली.

"आता चालताना हाताला सांगा. डावा पुढं म्हणा, मग उजवा पुढं म्हणा. दर पावलाला सांगायचं."

"हा काय पोरखेळ?"

"सांगून बघा."

सत्यभामाबाई चालायला लागली. दहा पावलं गेली नाहीत तोच तिचा डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढं जायला लागले. तिनं सुधारायला बघितलं तर पावलंच अडखळली. ती थांबली.

"आयुष्यभर चालताय," अत्ती म्हणाल्या, "आणि हात कोण हलवतंय ते तुम्हाला ठाऊक न्हाई. मलाही ठाऊक नव्हतं. आता माझ्या खांद्याला हात लावा."

त्यांनी सत्यभामाबाईचा हात धरून आपल्या उजव्या खांद्यावर, मागच्या मांसावर ठेवला आणि चालायला लागल्या. मी बघत होते. थोड्या अंतरावर सत्यभामाबाईची बोटं दबली, सैल झाली, परत दबली. तिला ते कळत होतं. आतलं मांस पावलागणिक आवळत होतं.

मग अत्ती थांबल्या. "आता मी हात उचलते. खांद्यावरचा हात काढू नका."

त्यांनी होता नव्हता तो जोर लावला. त्यांचं सगळं अंग कापलं, ओठ दाताखाली गेले. सत्यभामाबाईच्या बोटांखालचा खांदा भिजवलेल्या पिठासारखा पडून होता. बराच वेळ तिनं हात तसाच ठेवला. मग काढला आणि पदरानं अत्तींच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मग माझं नातवंड कुणी नेलं?" तिनं विचारलं.

"आडवं होतं ते. दोन हात असते तर मी बाहेरून फिरवायला बघितलं असतं. कधी फिरतं, कधी न्हाई फिरत. मी वाचवलंच असतं असं म्हणणार न्हाई, वाचलंच नसतं असंही म्हणणार न्हाई." अत्ती तिच्याकडे वळल्या. "पण एक चुकलं माझं. तुम्ही म्हणालात, नुसत्या या. मी यायला पाहिजे होतं. सोजराबाईला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. गीताच्या उशाशी बसता आलं असतं. मला लाज वाटली. एका हातानं बाळंतिणीच्या घरात कशी जाऊ, असं वाटलं. ते चुकलं."

सत्यभामाबाई बांधावर बसली. रडली. अत्ती तिच्याजवळ बसून राहिल्या. मग दोघी उठल्या आणि घागर मी उचलून दिली.

तिनं घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. उद्धवराव गप्प झाले, पण सोंगाचं बोलणं त्यांनी मागं घेतलं नाही. विहिरीवरच्या बायका मात्र परत बोलायला लागल्या.

त्या दिवसापासून अत्ती आणि मी रोज सकाळी गाडीवाटेनं चालायला लागलो. जाऊन येऊन कोसभर. दसरा गेला, दिवाळी गेली. नुसतं चालणं त्यांना जमायचं नाही, म्हणून त्या मला शिकवायच्या. पोट हातानं कसं वाचायचं, डोकं कुठं आणि कुल्ले कुठं, कळा खऱ्या कुठल्या आणि फसव्या कुठल्या, नाळ कधी कापायची आणि कधी थांबायचं. बोलता बोलता मधेच डाव्या पावलावर "ये" म्हणायच्या. माझं बाळंतपणाचं सगळं शिक्षण त्या वाटेवर झालं.

ज्वारी कंबरेवर आली तेव्हा अत्तींना एक सुचलं. वाटेच्या कडेला धाटं वाकलेली असायची. त्या अगदी कडेनं चालायला लागल्या, म्हणजे हात पुढं जाताना पानं मुठीला लागायची. मार्गशीर्षात एके दिवशी पान लागलं आणि मूठ उघडली. पुढच्याच पावलाला मिटली, तेव्हा तिच्यात पान होतं. फाटून अर्धं आलेलं. अत्ती थांबल्या आणि त्या पानाकडे बघत राहिल्या. थांबल्यावर बोटं घट्टच राहिली. ते पान सोडवायला त्यांना परत चालावं लागलं.

मडिवाळप्पांनी ते पान बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते वाटेवरची ढेकळं फोडून ठेवायला लागले. माय-लेकात तेवढंच बोलणं झालं.

उन्हाळ्यापर्यंत त्या चालताना उजव्या मुठीत दोरी धरायला लागल्या. मग उभ्या राहूनही, पण उभ्या उभ्या दोन पावलं जागच्या जागी टाकली तरच. पायांनी ताल धरला की हात यायचा. पूजेला बसायच्या आधी त्या देवघरासमोर थोडं चालायच्या, आणि बसता बसता त्या जोरावर हात कपाळापर्यंत न्यायच्या. भस्माची बोटं वाकडीतिकडी उमटायची. हे पहिल्यांदा जमलं त्या सकाळी मी भस्माची वाटी त्यांच्यापुढं ठेवून बाजूला झाले.

महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही आळंदला जायचो. डॉक्टर खलीलुल्ला अंगणात फेऱ्या मारून वहीत लिहून घ्यायचे. एकदा ते मला म्हणाले, "बेटी, तुझ्या अत्तीनं मला जेवढं शिकवलं तेवढं मी त्यांना शिकवलं नाही."

दुसऱ्या वर्षी माघात सत्यभामाबाई आमच्या दारात आली. गीताबाईला परत दिवस गेले होते, आठवा सरत होता. सत्यभामाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "तुम्ही याल का? नुसत्या न्हाई. सगळं बघायला या."

"मी येते. हात निलम्माचे," अत्ती म्हणाल्या. "चालंल?"

सत्यभामाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मी एकटीनं एकही बाळंतपण केलेलं नव्हतं. ती म्हणाली, "चालंल."

आम्ही दर चार दिवसांनी जाऊन पोट बघायचो. माझे हात पोटावर, अत्तींचा डावा हात माझ्या हातावर. या खेपेला डोकं खाली होतं.

फाल्गुनात सकाळी कळा सुरू झाल्या. गीताबाई भेदरलेली होती. पहिल्या खेपेचं सगळं तिच्या डोळ्यांत होतं. तिनं खाटेची दोरी धरून ठेवली होती आणि सोडायला तयार नव्हती.

"ऊठ," अत्ती म्हणाल्या. "चालायचं."

"मला जमणार न्हाई."

"मलाही जमत नव्हतं. ऊठ."

त्यांनी तिला डाव्या हातानं उठवलं आणि उजवा हात तिच्या पाठीमागून घातला. मला धास्ती वाटली, कारण थांबल्या तर तो हात परत त्यांच्या पोटाशी गेला असता. त्या थांबल्याच नाहीत. लांब पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघी चालत राहिल्या. कळ आली की गीताबाई जागीच वाकायची, आणि अत्ती तिच्याशेजारी जागच्या जागी पावलं टाकत राहायच्या, म्हणजे हात सुटायचा नाही. उद्धवराव बाहेर जनावरांच्या गोठ्याजवळ उभे होते. तिथून पडवी दिसत होती. ते सगळा वेळ तिथंच होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अत्तींनी मला हाक मारली. "आता तू."

मी बसले. हात उकळलेल्या पाण्यात धुतले होते, तरी माझी बोटं गार पडली होती. अत्ती माझ्या मागं बसल्या. त्यांचा आवाज माझ्या कानाजवळ होता, आणि तो इतका शांत होता की माझे हात माझ्याआधी कामाला लागले. डोकं आलं, खांदा अडला. "ओढू नको," अत्ती म्हणाल्या, "थांब. तिला थांबू दे. आता फिरव. आता." मूल माझ्या हातात आलं. मुलगी होती. तिनं श्वास घ्यायला थोडा वेळ लावला, मग पाठ चोळल्यावर चांगली रडली. मी नाळ बांधली, कापली, आणि मुलगी सत्यभामाबाईच्या पदरात दिली.

उद्धवराव पडवीपर्यंत आले. त्यांनी फेटा काढून हातात धरला होता.

"गंगव्वा अक्का," ते म्हणाले, "चावडीवर मी जे बोललो होतो, ते उद्या चावडीवरच परत घेतो."

"घ्या," अत्ती म्हणाल्या. "आधी नात बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खरंच केलं. मडिवाळप्पा तिथं होते, त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

त्या संध्याकाळी आत सत्यभामाबाईनं गूळ घातलेलं गरम दूध आणलं आणि पेला अत्तींपुढं धरला. अत्तींनी तो माझ्याकडे सरकवला. "हिला द्या. सकाळधरनं उपाशी हाय, आणि काम हिनं केलंय." सत्यभामाबाई दुसरा पेला आणायला वळली. मी दूध प्यायला लागले तेव्हा कुठं माझे हात कापायला लागले, आणि अत्तींनी डाव्या हातानं माझा पेला खालून धरून ठेवला.